मशीन गंजले नव्हते

उल्हासनगरात रिक्षात बसलात तर रस्त्याचे नाव सांगून फारसा उपयोग होत नाही. रस्त्यांना नावे आहेत, पाट्याही आहेत. पण रिक्षावाल्याला 'व्हीनस' म्हणावे लागते, नाहीतर 'श्रीराम'. ही सिनेमागृहांची नावे. त्यांचे चौक झाले आणि चौकांचे पत्ते झाले. ज्याने तिथे आयुष्यात एकही चित्रपट पाहिलेला नाही असा विशीतला मुलगासुद्धा 'व्हीनसला सोडा' म्हणतो. कॅम्प नंबर तीनमध्ये आमच्या घरापासून चार-पाच मिनिटांच्या अंतरावर असेच एक थिएटर आहे. बंद होऊन पंधरा-सोळा वर्षे झाली. जागेचा वाद मिटलेला नाही, म्हणून नाव घेत नाही. दाराला कुलूप आहे, बाल्कनीच्या भिंतीत पिंपळ उगवला आहे. शेअर रिक्षा मात्र अजून तिथेच थांबते आणि त्याच नावाने ओरडते.

या थिएटरवर मी एक कविता लिहिली होती. ती कविता, तिच्यात राहिलेली एक चूक आणि ती चूक दाखवणारे माझे मामू, यांच्याविषयी आज सांगायचे आहे. पण त्याआधी आमच्या गावाविषयी थोडे सांगायला हवे.

उल्हासनगर हे गाव मुळात गाव नव्हतेच. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या मुक्कामासाठी कल्याणजवळच्या माळावर छावणी उभारली गेली. लांबच लांब बराकी, उतरती छपरे. युद्ध संपले, सैनिक गेले आणि बराकी रिकाम्या पडल्या. मग 1947 ची फाळणी झाली. सिंधमधून निघालेली हिंदू कुटुंबे जहाजाने आणि रेल्वेने मुंबईकडे आली. त्यांतल्या हजारोंना या बराकींत जागा मिळाली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. बोलण्यात मात्र 'कॅम्प' हाच शब्द राहिला. आजही आम्ही पत्त्यात कॅम्पचा नंबर लिहितो. पाच कॅम्प, पाच नंबर. बाहेरगावच्या माणसाला वाटते की इथे अजून लष्कर आहे.

एका बराकीत अनेक कुटुंबे राहत. मधे भिंती नव्हत्या. चादरी, गोणपाट, जे हाती येईल त्याचे पडदे बांधून घरे वेगळी केलेली. जुनी सिंधी माणसे हे अजून सांगतात आणि सांगताना हसतात. पडद्यापलीकडच्या घरात काय शिजते, कुणाचे भांडण चालले आहे, सगळे ऐकू येई. अशा लोकांनी पुढच्या वीस वर्षांत इथे दुकाने काढली, कारखाने काढले, शाळा-कॉलेजे काढली. चांदीबाई कॉलेज 1965 चे. आणि सिनेमागृहे काढली.

सिनेमागृहांचे महत्त्व इथे दुसऱ्या गावांपेक्षा जास्त होते, असे माझे मत आहे. कारण भाषा. सिंधी बोलणारे बहुसंख्य. भोवती मराठी आणि आगरी. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये आणि अंबरनाथच्या विम्कोमध्ये कामाला आलेले उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे कामगार. यांना एका छपराखाली तीन तास बसवणारी गोष्ट एकच होती. आमच्यासारखी मुसलमान घरे थोडी. माझे आजोबा कल्याणहून इथे शिवणकामाचे दुकान टाकायला आले. त्यांना उर्दू वाचता येई. सिंधी दुकानांच्या पाट्यांवर तेव्हा अरबी वळणाची सिंधी लिपी असे. आजोबा रस्त्याने जाताना त्या पाट्या मोठ्याने वाचत. अक्षरे लागत, अर्थ लागत नसे. शेजारचे सिंधी दुकानदार त्यांना अर्थ सांगत आणि "साईं, हिज्जे पक्के आहेत तुमचे" म्हणून चहा पाजत. सत्तेचाळीस साली कुणाचे काय झाले हा विषय त्या चहात निघाल्याचे मी कधी ऐकले नाही. आमच्या गावात हा विषय निघू नये याची काळजी सगळेच घेत. सिनेमाचा विषय मात्र रोज निघे.

माझे मामू, म्हणजे आईचे चुलतभाऊ, त्या थिएटरात ऑपरेटर होते. प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये त्यांची नोकरी अडतीस वर्षे झाली. केबिनचा जिना बाहेरून, लोखंडी. मी सात-आठ वर्षांचा असल्यापासून त्या जिन्याने वर जात असे. 'शोले' मी प्रेक्षागृहात बसून नंतर पाहिला; आधी पाहिला तो केबिनच्या चौकोनी भोकातून, उभा राहून, आवाज अर्धा मशीनचा आणि अर्धा गब्बरचा.

आजच्या मुलांना ते काम समजावून सांगावे लागते. फिल्म मिनिटाला नव्वद फूट पळे. तीन तासांचा चित्रपट म्हणजे सोळा हजार फुटांच्या वर. लांबच्या लांब पसरली तर कल्याण स्टेशनपासून उल्हासनगर स्टेशनपर्यंत पोचेल. एवढी फिल्म एका रिळावर मावत नाही. म्हणून केबिनमध्ये दोन मशीन. एकावर रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक बारीक गोल ठिपका चमके. त्या क्षणी दुसऱ्या मशीनची मोटार सुरू करायची. काही सेकंदांनी दुसरा ठिपका. की एकाचा प्रकाश बंद, दुसऱ्याचा चालू. प्रेक्षकाला काही कळता कामा नये. ज्याला कळले त्याने शिट्टी मारलीच म्हणून समजा. मामू इंटरव्हलपर्यंत पाणी पीत नसत, ठिपका चुकेल म्हणून.

प्रकाश कार्बनचा. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर, मधे ठिणगीची ज्योत. कांड्या जळत जातात तसतशा त्या सारख्या पुढे सरकवाव्या लागतात, नाहीतर पडदा पिवळा पडतो. उरलेली थोटके आम्ही मुले गोळा करीत असू. फिल्म मधेच अडकली तर त्या उष्णतेने जळायला वेळ लागत नाही. पडद्यावर हिरॉइनच्या गालाला भोक पडून ते मोठे होत गेलेले मी पाहिले आहे. आणि तेल. हे तेलाचे प्रकरण लक्षात ठेवा. मशीनमध्ये प्रत्येक चित्र क्षणभर थांबवून पुढे ढकलणारा एक भाग असतो, सेकंदाला चोवीस वेळा. त्याला तेल कमी पडले तर मशीन ओरडू लागते. जास्त झाले तर फिल्मवर उडते आणि डाग पडतो. मामू दर शोच्या आधी तेल घालीत आणि शो संपला की जुन्या धोतराच्या फडक्याने पुसून काढीत. दिवसाला चार शो.

पुढचे तुम्हाला माहीत आहे, कारण ते सगळ्या गावांत एकसारखे घडले. आधी व्हिडिओ, मग केबल. 2001 नंतर राज्यात मल्टिप्लेक्सना करमणूक करात सवलत मिळाली आणि एकपडदा थिएटरांचा गिऱ्हाईक शेजारच्या शहरात गेला. त्याच दशकात रिळे जाऊन चित्रपट उपग्रहावरून येऊ लागले; नव्या यंत्राला कार्बन नको, ठिपका नको, मामूही नकोत. सिनेमागृहाच्या जागेवर दुसरे काही बांधायचे तरी तिथे लहानसे सिनेमागृह ठेवलेच पाहिजे, असा नियम महाराष्ट्रात बरीच वर्षे चालत आला. हेतू चांगला होता. पण पुष्कळ मालकांनी ना थिएटर चालवले, ना पाडले. कुलूप लावून वाट पाहिली. आमच्याकडचे कुलूप त्यातलेच असावे.

कविता मी बंद झाल्यानंतर दोन-तीन वर्षांनी लिहिली. वॉचमनच्या ओळखीने एकदा आत गेलो होतो. खुर्च्यांची रेक्झिन फाटलेली, पारव्यांची विष्ठा, पडद्याला मधोमध चीर, छपरातून आलेला उन्हाचा एक पट्टा. कवीला आणखी काय लागते? घरी आलो आणि एका बैठकीत लिहून काढली. फाटका पडदा आला, पारवे आले आणि वरच्या केबिनमध्ये गंजून पडलेले यंत्र आले. केबिनमध्ये मी गेलोच नव्हतो. जिना काढून नेलेला होता. पण कवितेत यंत्र हवे होते आणि बंद थिएटरातले यंत्र गंजलेले असणारच, असे मी गृहीत धरले.

ती कविता लोकांना आवडली. कल्याणला एका वाचनालयाच्या सभागृहात वाचली तेव्हा पुन्हा वाचायला लावली. पहिल्या रांगेत मामू बसले होते. मीच त्यांना आग्रहाने नेले होते. परत येताना रिक्षात ते गप्प होते. विठ्ठलवाडी मागे पडले तेव्हा म्हणाले,

"बेटा, मशीन गंजलं नव्हतं."

मी म्हटले, "मामू, ते कवितेतलं आहे."

"कवितेतलं असू दे. शेवटच्या शोनंतर मी तेल घातलं, पुसलं, वर कापड टाकलं. दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला तर म्हणाला, चाचा, हे तर चालू आहे. चालू मशीन भंगारात गेलं. तू गंजलं म्हणून लिहिलंस, लोक म्हणणार ऑपरेटर निकम्मा होता."

मला उत्तर सुचले नाही. ते रागावले नव्हते, हे जास्त लागले. अडतीस वर्षे माणसाने एक वस्तू गंजू दिली नाही आणि त्याच्या घरातल्याच कवीने ती एका शब्दात गंजवून टाकली. तीही वृत्तात बसते म्हणून.

त्यानंतर मी बंद थिएटरांवर इतरांनी काय केले आहे ते पाहू लागलो. आधी स्वतःच्या बचावासाठी. नंतर सवय लागली. हा प्रकार जगभर आहे. हिरोशी सुगिमोतो हे जपानी छायाचित्रकार 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून थिएटरांची छायाचित्रे घेत आले. पद्धत अशी की चित्रपट सुरू झाला की कॅमेऱ्याची झडप उघडायची, संपला की मिटायची. सगळा चित्रपट एका छायाचित्रात जातो आणि पडद्यावर उरतो नुसता पांढरा चौकोन. पुढे त्यांनी अमेरिकेतल्या ओस पडलेल्या थिएटरांतही हेच केले. छायाचित्रे अतिशय सुंदर आहेत. पण मामूंना दाखवली तेव्हा त्यांनी विचारले, "मशीन कोण चालवत होतं?" छायाचित्रात ते दिसत नाही, हे मला कबूल करावे लागले. तैवानच्या त्साई मिंग-लियांग यांचा 2003 चा 'गुडबाय, ड्रॅगन इन' तैपेईजवळच्या एका बंद होऊ घातलेल्या थिएटरातच चित्रित झाला. त्यात तिकीट विकणारी बाई आहे, प्रोजेक्टरवाला आहे, बाहेर पाऊस आहे. तो मला जवळचा वाटला, जरी मधे माझा डोळा लागला होता.

आपल्याकडे 'कंपनी', 'मकबूल' अशा चित्रपटांचे छायालेखक हेमंत चतुर्वेदी 2019 पासून देशभर फिरून एकपडदा सिनेमागृहांची छायाचित्रे घेऊ लागले. शेकडो थिएटरे त्यांनी टिपली. त्यांतली कितीतरी नंतर पाडली गेली, म्हणजे आता ती फक्त त्या छायाचित्रांत आहेत. हे काम सरकारी खात्याने करायला हवे होते; एका माणसाने गाडी घेऊन केले. आमच्या गावाचा इतिहास लिहायला बसाल तर अशाच माणसांवर अवलंबून राहावे लागेल. निर्वासितांच्या वसाहतीची कागदपत्रे जागेची आणि रेशनची. कोणत्या थिएटरात कोणता चित्रपट किती आठवडे चालला, याची वही कोण ठेवणार?

पण मामूंच्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले ते शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटात. 2016 साली कान महोत्सवात तो दाखवला गेला आणि तिथल्या माहितीपटांच्या पुरस्कारात त्याचा विशेष उल्लेख झाला. विषय आपला, महाराष्ट्रातल्या जत्रांमधल्या तंबूच्या सिनेमाचा. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो तंबू पाहिला असेल. ट्रकवरून येणारे मशीन, जमिनीवर बसलेले गाव, वाऱ्याने हलणारा पडदा. या दोघांनी वर्षानुवर्षे या लोकांबरोबर फिरून चित्रण केले. त्यात मोहम्मद आणि बापू हे तंबू चालवणारे आहेत आणि प्रकाश नावाचा प्रोजेक्टर दुरुस्त करणारा कारागीर आहे. या कारागिराने स्वतःचा एक प्रोजेक्टर बनवला आहे. त्याची चाके तेलाच्या पेटीतच फिरतात, वेगळे तेल घालायला नको. तो हे दाखवतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे येते ते मी मामूंच्या चेहऱ्यावर लहानपणी पाहिलेले होते. असे मशीन तयार झाले आणि त्याला गिऱ्हाईक उरले नाही. माहितीपटवाल्यांनी याला दुःखाचे संगीत लावून रडवले नाही. त्याला बोलू दिले.

मामूंनी तो प्रसंग माझ्या लॅपटॉपवर तीन वेळा पाहिला. "याला म्हणतात डोकं," म्हणाले.

मुंबईत ग्रँट रोडजवळ पिला हाऊस म्हणून भाग आहे. मूळ शब्द 'प्ले हाऊस'. तिथल्या आल्फ्रेड टॉकीजमध्ये शेख रहमान नावाचे चित्रकार हाताने पोस्टर रंगवीत. त्यांच्यावर 'ओरिजिनल कॉपी' हा जर्मन दिग्दर्शकांचा माहितीपट 2015-16 च्या सुमारास आला. हाताने रंगवलेल्या बॅनरची रीत अशी की चित्रपट उतरला की तोच कपडा पुन्हा पांढरा करायचा आणि त्यावर नवा नायक काढायचा. एका कापडाखाली किती चेहरे असतील! मकबूल फिदा हुसेन यांनीही उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाचे बॅनर रंगवले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांची नंतरची चित्रे जगभर गेली. बॅनर पांढरे होत राहिले.

पान नलिन यांच्या 'छेल्लो शो' या 2021 च्या गुजराती चित्रपटात थिएटरातली मशीन वितळवून चमचे होतात आणि रिळे वितळवून बांगड्या होतात. त्यातल्या ऑपरेटरचे नाव फझल. मोहम्मद, रहमान, फझल. ही नावे एकापाठोपाठ आली तेव्हा मला थांबावेसे वाटले. पडद्यावर आमची माणसे नवाब होती, शायर होती, नंतर नंतर गुंड झाली. पडद्यामागे ती रंग लावीत होती आणि तेल घालीत होती, याची दखल घ्यायला थिएटरे बंद पडावी लागली. अर्थात कॅम्पमध्ये मामूंच्या हाताखालचा मदतनीस सिंधी होता, डोअरकीपर मराठी होता. केबिनमध्ये एका डब्यात तिघे जेवत. म्हणून या मुद्द्यावर मी फार जोर देत नाही.

थिएटर गेल्यावर त्याचे नाव किती दूर जाऊ शकते, याचे उदाहरण मात्र मराठी वाचकाच्या घरातच आहे. गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमात 14 मार्च 1931 रोजी 'आलम आरा' लागला, पहिला हिंदी बोलपट. त्या मॅजेस्टिकच्या आसऱ्याने 1942 मध्ये केशवराव कोठावळे यांनी पुस्तकांचे दुकान मांडले, त्याला नाव पडले मॅजेस्टिक बुक स्टॉल. पुढे प्रकाशन झाले, गप्पांचे कार्यक्रम झाले. सिनेमागृह पाडले गेले. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. नाव राहिले ते पुस्तकांच्या पाठीवर. मी कॉलेजात असताना मॅजेस्टिकचे पुस्तक हातात घेऊन फिरत असे आणि हे नाव एका सिनेमाचे आहे याचा मला पत्ता नव्हता. ज्याला 'व्हीनस' म्हणजे नुसता चौक वाटतो त्या मुलाला मी कोणत्या तोंडाने हसू?

कविता माझ्या संग्रहात छापून आलेली आहे, गंजलेल्या यंत्रासकट. कवितासंग्रहाची दुसरी आवृत्ती निघत नाही, हे आपल्याकडे सांगायला नको. घरी पलंगाखाली साठ-सत्तर प्रती होत्या. गेल्या वर्षी एका दुपारी मी त्या बाहेर काढल्या आणि पेन घेऊन प्रत्येक प्रतीत ते पान उघडून 'गंजलेले' हा शब्द खोडू लागलो. मामू आले होते. ऐंशीला टेकले आहेत, पण जिना चढून येतात. काय चालले आहे विचारले, मी सांगितले. चष्मा लावून त्यांनी एक प्रत हातात घेतली, खोडलेला शब्द पाहिला. वर मी बारीक अक्षरात 'तेल घातलेले' असे लिहिले होते. मात्रा बिघडल्या होत्या, पण इलाज नव्हता.

त्यांनी ओळ सावकाश वाचली, ओठ हलवत. मग बोट ठेवून म्हणाले, "आणि हे एक यंत्र कसं? दोन होती. एकावर शो चालतो कधी?"

मी पेनाचे टोपण पुन्हा काढले.